तीन पायऱ्यांचा हिशेब

आमच्या फुफींनी आयुष्यात कोणापुढे हात पसरला नाही. फुफाजान गेले तेव्हा त्या जेमतेम चाळिशीच्या होत्या. जुना जालन्यातल्या दोन खोल्यांत शिलाई मशीन चालवून त्यांनी तीन मुले वाढवली, मुलींची लग्ने लावली. अशा बाईला दोन माणसांनी काखेत हात घालून उचलावे आणि चहाच्या टपरीवरच्या लोकांनी ते पाहत बसावे, हा दिवस मी गेल्या वर्षी पाहिला.

फुफींना वीस वर्षांपासून साखर आहे. गुडघे तर केव्हाच गेले. गेल्या पावसाळ्यात चपलेचा अंगठा घासून उजव्या पायाला जखम झाली. एक दिवसाआड ड्रेसिंग करायचे ठरले. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांचा दवाखाना घरापासून दहा मिनिटांवर. डॉक्टर चांगले, हाताला यश असलेले, गरिबाकडून पैसे न घेणारे. फक्त त्या दवाखान्याला रस्त्यापासून तीन उंच पायऱ्या आहेत आणि पायऱ्यांच्या खालून नाली वाहते.

पहिल्या दिवशी फुफींचा मुलगा आणि रिक्षावाला या दोघांनी त्यांना उचलून वर नेले. बुरखा पायरीत अडकला, चप्पल नालीत पडली. फुफी काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या वेळी डॉक्टरांनाच वाईट वाटले. ते कंपाउंडरला घेऊन खाली आले आणि रिक्षातच ड्रेसिंग केले. त्यांची नियत नेक होती. पण रस्ता तो रस्ताच. सलवार पोटरीपर्यंत वर, दोन्ही बाजूंनी मोटारसायकली, समोर टपरी. त्या संध्याकाळी फुफी मला म्हणाल्या, "बेटी, इलाज तर झाला, पण माझा पडदा रस्त्यावर गेला."

त्यानंतर फुफी म्हणू लागल्या, "आता बरं आहे मला. आज नको, उद्या जाऊ." आम्हालाही ते ऐकायला सोपे वाटले. मुलगा रोलिंग मिलमध्ये रोजंदारीवर. त्याचा अर्धा दिवस वाचला. अकरा दिवस ड्रेसिंग झाले नाही. जखम काळी पडली तेव्हा डॉक्टरांनी सर्जनकडे पाठवले, तर सर्जनचा दवाखाना पहिल्या मजल्यावर! फुफींनी जिना पाहिला आणि रिक्षातून उतरायलाच नकार दिला. आणखी चार दिवस गेले. शेवटी छत्रपती संभाजीनगरला न्यावे लागले. तिथे गुडघ्याखाली पाय काढावा लागला.

पाय पायऱ्यांमुळे गेला, असे मी म्हणणार नाही. साखर होती, वय होते, आमचा निष्काळजीपणा होता. पण त्या पंधरा दिवसांत फुफी दवाखान्यात का गेल्या नाहीत, याचे उत्तर मला ठाऊक आहे. परक्या माणसांनी उचलण्यापेक्षा त्यांना दुखणे परवडले.

डॉक्टरांची बाजू

मी तावातावाने डॉक्टरांकडे गेले. "साहेब, एवढे वर्षांचे पेशंट आहेत तुमचे. एक उतार बांधायला काय झाले होते?" माझ्या आवाजाने बाहेरचे पेशंटही गप्प झाले.

डॉक्टर रागावले नाहीत. त्यांनी मला बसायला सांगितले आणि आपली वही उघडली. "मॅडम, तुम्ही गणिताच्या नसल्या तरी शिक्षिका आहात. हिशेब बघा. माझी फी शंभर रुपये. त्यातही रोज दहा-बारा जण फुकट. गाळा भाड्याचा. घरमालकाच्या परवानगीशिवाय मला खिळा ठोकता येत नाही. पायऱ्यांच्या खाली नाली, नालीच्या पुढे रस्ता. आज मी पक्का उतार बांधला आणि उद्या अतिक्रमण म्हणून तो काढायला लावला, तर पैसेही गेले आणि अब्रूही गेली. मोठे हॉस्पिटल लिफ्ट बसवते, तो खर्च बिलात टाकते. मी शंभराचे दीडशे केले, तर माझा गरीब पेशंट तुटेल. तुमच्या फुफींसाठी दार उघडायचे आणि दुसऱ्या कोणासाठी बंद करायचे, असे होईल."

मी निरुत्तर झाले. मी त्यांना दोषी ठरवायला गेले होते. परत आले ती एक प्रश्न घेऊन. दवाखान्याचे दार सर्वांसाठी खुले करायला नेमका किती खर्च येतो, आणि तो सोसायचा कोणी?

फळ्यावरचे गणित

मी उर्दू शाळेत मराठी शिकवते. मात्र त्या आठवड्यात गणिताच्या सरांना विनंती करून नववीच्या वर्गाला एक उदाहरण घातले. चाकाच्या खुर्चीसाठी उतार कसा असावा, याचे प्रमाण ठरलेले आहे: एकास बारा. म्हणजे एक इंच चढायचे असेल तर बारा इंच, म्हणजे एक फूट लांबी हवी. रुंदी किमान १२०० मिलिमीटर, म्हणजे साधारण चार फूट. दोन्ही बाजूंना धरायला कठडा. दाराची मोकळी रुंदी ९०० मिलिमीटर. केंद्र सरकारच्या २०२१ च्या सुगम्यतेच्या मार्गदर्शक तत्त्वांत अशी मापे दिलेली आहेत.

मुलांनी पटापट उत्तरे काढली. सहा इंचांची एक पायरी असेल तर सहा फुटांचा उतार. तीन पायऱ्या म्हणजे अठरा इंच, म्हणून अठरा फूट. आणि दहा फूट उंचीवरचा पहिला मजला? एकशे वीस फूट! मुले हसली. एका मुलीने विचारले, "टीचर, एवढा उतार बांधला तर तो शेजारच्या गल्लीत जाईल ना?"

अगदी बरोबर. म्हणून पहिल्या मजल्यावरच्या दवाखान्याला उतार हा उपाय नव्हे. तिथे लिफ्ट लागते आणि लिफ्टचा खर्च लाखांत जातो. लहान दवाखान्यांचे डॉक्टर 'सोयी' हा शब्द ऐकला की घाबरतात, कारण त्यांच्या डोळ्यांसमोर लिफ्टच येते. पण गावातले दवाखाने बारकाईने पाहिले तर बहुतेकांची अडचण एक, दोन किंवा तीन पायऱ्यांची असते.

आमच्या गल्लीच्या टोकाला फॅब्रिकेशनचे दुकान आहे. जालना हे सळयांचे गाव. इथल्या मिलमधले लोखंड कुठे कुठे जाते! पण त्याच गावात चार हात लोखंड कमी पडले म्हणून म्हातारी माणसे रस्त्यावर तपासून घेतात. मी दुकानदाराकडून अंदाज घेतला. अठरा फूट लांब, चार फूट रुंद, खाली चौकोनी पाइपचा सांगाडा, वर न घसरणारी चेकर प्लेट, दोन्ही बाजूंना कठडा, आणि वर दारापुढे चाकाची खुर्ची वळेल एवढा सपाट ओटा. त्याने चाळीस हजारांच्या आसपास सांगितले.

चाळीस हजार ही शंभर रुपये फी घेणाऱ्या डॉक्टरसाठी लहान रक्कम नाही. पण मग मी आमच्या घरचा हिशेब मांडला. एक दिवसाआड ड्रेसिंग म्हणजे दोन महिन्यांत तीस फेऱ्या. थांबून राहणाऱ्या रिक्षाचे येऊन-जाऊन दीडशे रुपये, म्हणजे साडेचार हजार. मुलाची अर्धी हजेरी तीनशे रुपये धरली तर नऊ हजार. एकूण साडेतेरा हजार. ती तीन पायऱ्यांची किंमत होती, कारण सपाट दार असते तर फुफींची सून त्यांना चाकाच्या खुर्चीत बसवून चालत नेऊ शकली असती. अशी तीन कुटुंबे धरा. उताराचे पैसे होऊन वर पाचशे रुपये उरतात. पाय गेल्यानंतरचा खर्च मी यात धरलेलाच नाही.

हिशेबाअंती मला कळले ते एवढेच. आपण म्हणतो, अपंगांसाठी सोयी करायला खर्च येतो. खरे तर खर्च आजही होतोच आहे. तो डॉक्टरांच्या वहीत दिसत नाही, सरकारच्या अंदाजपत्रकात दिसत नाही. तो आजारी माणसाच्या घरात, रिक्षाच्या भाड्यात आणि बुडालेल्या मजुरीत गुपचूप भरला जातो. आणि जो सर्वांत कमकुवत आहे, तोच तो भरतो.

कायदा काय म्हणतो

२०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख दिव्यांग व्यक्तींची नोंद झाली. महाराष्ट्रात ही संख्या सुमारे २९ लाख ६३ हजार होती. गुडघ्यांमुळे जिना न चढू शकणारे आपले आजी-आजोबा बहुधा यात धरलेले नसतात. ते धरले तर प्रत्येक घरात एक नाव निघेल.

देशात या विषयावरचा पहिला मोठा कायदा १९९५ चा. त्यात इमारती सुलभ करण्याची जबाबदारी होती, पण 'आर्थिक कुवतीच्या मर्यादेत' अशी पळवाटही होती. त्याच्या जागी दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियम २०१६ आला आणि १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. त्यात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार धरले आहेत. सार्वजनिक इमारतीच्या व्याख्येत सरकारी इमारतींबरोबर लोकांची ये-जा असलेल्या खासगी इमारतीही आहेत, आणि त्यात आरोग्यसेवेच्या इमारतींचा स्पष्ट उल्लेख आहे. जुन्या सार्वजनिक इमारती सुलभ करण्यासाठी नियम लागू झाल्यापासून पाच वर्षांची मुदत होती. नियम जून २०१७ चे. म्हणजे मुदत जून २०२२ मध्येच संपली.

या कायद्याचे कलम २५ आरोग्यसेवेविषयी आहे. सरकारी आणि खासगी रुग्णालयांच्या व आरोग्य केंद्रांच्या सर्व भागांत अडथळ्यांशिवाय जाता यावे आणि तपासणीत दिव्यांगांना प्राधान्य मिळावे, असे ते सांगते. पण यासाठी पावले उचलायची कोणी? कलमाचे पहिलेच शब्द आहेत शासन आणि स्थानिक प्राधिकरणे यांच्याविषयी. म्हणजे ही जबाबदारी एकट्या डॉक्टरवर टाकून मोकळे होता येत नाही. नगरपालिका, महानगरपालिका, ग्रामपंचायत हेही यात येतात.

कायदा मोडल्यास पहिल्या वेळी दहा हजारांपर्यंत दंड, त्यानंतर पन्नास हजार ते पाच लाखांपर्यंत. त्याच कायद्यात 'वाजवी सोय' याचीही व्याख्या आहे. गरजेचे आणि योग्य ते बदल करावेत, पण त्यांचा भार अवाजवी होऊ नये. ही तारेवरची कसरत नव्हे, साधी समजूत आहे. तीन पायऱ्यांवर उतार घालणे वाजवी. भाड्याच्या जुन्या इमारतीत लिफ्टसाठी डॉक्टरला कर्जात बुडवणे अवाजवी. पण 'लिफ्ट परवडत नाही' म्हणून पायऱ्यांवर उतारही न घालणे, हे मात्र निमित्त झाले.

८ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राजीव रतुरी यांच्या याचिकेवर महत्त्वाचा निकाल दिला. रतुरी हे स्वतः दृष्टिबाधित आहेत आणि त्यांची ही याचिका २००५ सालची. सुगम्यतेबाबतचा नियम १५ हा निव्वळ शिफारशीसारखा झाला आहे, ते मूळ कायद्याला धरून नाही, असे न्यायालयाने म्हटले आणि बंधनकारक मानके तीन महिन्यांत ठरवण्याचे केंद्र सरकारला आदेश दिले. म्हणजे 'जमेल तेव्हा करू' हा काळ संपत आला आहे.

खर्च कोणी सोसायचा?

दंडाची भीती घालून दवाखाने सुलभ होतील का? मला शंका वाटते. लहान डॉक्टर घाबरून गाळा बदलेल किंवा दवाखानाच बंद करील. त्यात नुकसान मोहल्ल्याचे.

अमेरिकेने हा प्रश्न कसा हाताळला ते पाहण्यासारखे आहे. तिथे १९९० मध्ये अपंगांच्या हक्कांचा कायदा झाला. त्याच वर्षी लहान व्यावसायिकांसाठी करसवलतही आली. ज्यांची वार्षिक उलाढाल दहा लाख डॉलरपर्यंत आहे किंवा पूर्णवेळ कर्मचारी तीसपर्यंत आहेत, त्यांनी सोयींवर २५० डॉलरपेक्षा जास्त खर्च केला, तर वरच्या खर्चातला निम्मा भाग, वर्षाला पाच हजार डॉलरपर्यंत, करातून वजा होतो. त्यात उतार येतो आणि बहिऱ्या पेशंटसाठी बोलावलेल्या खुणांच्या भाषेच्या दुभाष्याचे मानधनही येते. कायदा आणि मदत बरोबर आली. आपल्या २०१६ च्या कायद्यात दंडाचे कलम ठळक आहे. छोट्या दवाखान्याच्या खर्चाला हातभार लावणारे असे कलम त्यात नाही. ते असावे, अशी मागणी डॉक्टरांच्या आणि दिव्यांगांच्या संघटनांनी मिळून करायला हवी. हे दोघे एकमेकांचे विरोधक नाहीत.

तोवर महाराष्ट्रात एक वाट आहे. ग्रामपंचायतीपासून महानगरपालिकेपर्यंत स्थानिक संस्थांनी आपल्या स्वउत्पन्नाच्या ५ टक्के रक्कम दिव्यांगांच्या कल्याणासाठी राखून ठेवायची असते. पूर्वी हे प्रमाण ३ टक्के होते. हा पैसा बहुतेक वेळा वैयक्तिक मदतीत वाटला जातो. तीही गरज आहेच. पण दवाखान्यासमोरच्या नालीवर मजबूत ढापा टाकणे, रस्ता आणि दार यांच्यामधली जागा सपाट करणे, ही कामे खासगी नाहीत. ती रस्त्याची कामे आहेत. ग्रामसभेत किंवा वॉर्डातल्या सदस्याकडे हा मुद्दा लेखी मांडता येतो.

पुढे काय झाले

आमच्या डॉक्टरांच्या दवाखान्याला लागूनच घरमालकाच्या घराची बिनदाराची लांब भिंत आहे. उतार रस्त्यावर सरळ न आणता त्या भिंतीच्या कडेने आणला, तर अठरा फूट बसतात. मुलांच्या अब्बांनी घरमालकाशी बोलणे केले. घरमालक म्हणाले, "माझी वालिदा असती तर तिलाही लागलाच असता. भिंतीला भोके पाडू नका, बाकी काय करायचे ते करा." पैसे असे जमले: निम्मे डॉक्टरांनी दिले, पाव हिस्सा शेजारच्या मेडिकलवाल्याने दिला, कारण त्याचे गिऱ्हाईकही तेच, आणि उरलेले मोहल्ल्याच्या बैतुलमालमधील लिल्लाह रकमेतून. जकातीचे नियम वेगळे असतात, म्हणून ती रक्कम यात घेतली नाही. अशा कामात जकात वापरण्याआधी आलिमांना विचारून घ्यावे.

उतार सहा-सहा फुटांच्या तीन तुकड्यांत केला आणि बोल्टने जोडला. नाली साफ करताना तुकडा उचलता येतो, आणि उद्या रस्त्याचे काम निघाले तर संपूर्ण उतार काढून ठेवता येतो. डॉक्टरांची अतिक्रमणाची धास्ती त्यामुळे कमी झाली. पहिल्या आठवड्यात त्याचा सर्वांत जास्त उपयोग कोणी केला? दिवस भरत आलेल्या बायकांनी, कडेवर लेकरू घेतलेल्या आयांनी आणि ऑक्सिजनचे सिलिंडर ढकलणाऱ्या पोऱ्याने.

सर्जनच्या दवाखान्याचा जिना मात्र तसाच आहे. त्यांनी इतके मान्य केले की आधी फोन केला तर ते ठरलेल्या वेळी खालच्या मजल्यावरच्या ओळखीच्या दुकानाच्या मागच्या खोलीत येऊन पेशंट पाहतील, पडदा लावून. हे पुरेसे नाही. पण रिक्षापेक्षा चांगले आहे, आणि याला एक रुपयाही लागला नाही.

जे फुकटात होते

खर्चाची चर्चा करताना आपण बिनखर्चाच्या गोष्टी विसरतो. डॉक्टर, कंपाउंडर, मेडिकलवाले वाचत असतील तर त्यांच्यासाठी आणि घरच्यांसाठी काही गोष्टी लिहिते.

जो पेशंट बसू शकत नाही त्याला रांगेतून पुढे घेणे हा मेहरबानीचा भाग नाही, कायद्यातला हक्क आहे. त्याला पैसे लागत नाहीत. ऐकू न येणाऱ्या पेशंटचा नंबर नुसता पुकारू नका. पाटीवर लिहा किंवा हाताने खूण करा. त्याच्याशी बोलताना तोंडावरचा मास्क शक्य असेल तर खाली घेऊन, समोर पाहून, सावकाश बोला. ओठ वाचून अर्धे कळते. औषध कसे घ्यायचे ते कागदावर लिहून द्या. न दिसणाऱ्या पेशंटच्या औषधाच्या डब्यांना रबर लावून द्या, सकाळच्या डबीला एक, रात्रीच्या डबीला दोन. चिठ्ठी वाचायला कोणी नसले तरी बोटांना कळते.

तपासणीचे टेबल उंच असते. शेजारी एक बुटका तख्त ठेवला की झाले. हात असलेली एक खुर्ची, संडासात भिंतीला घट्ट बसवलेली धरायची दांडी, दाराशी एक चाकाची खुर्ची. यातल्या कशालाही लाख लागत नाहीत. आणि एक गोष्ट अगदी महत्त्वाची: बोलायचे ते पेशंटशीच बोला. फुफी सांगतात, "पाय गेला तेव्हापासून सगळे माझ्या मुलालाच विचारतात, यांना कुठे दुखतं? अरे बाबा, पाय गेला आहे, जबान नाही गेली."

आपल्या मशिदींच्या पायऱ्या

हा विषय डॉक्टरांवर ढकलून आपल्याला मोकळे होता येणार नाही. सार्वजनिक इमारतींच्या त्याच व्याख्येत धार्मिक उपयोगाच्या इमारतीही येतात. आपल्या मशिदींना किती पायऱ्या आहेत? वुजूखान्याची फरशी ओली असते, तिथे धरायला काही आहे का? मदरशात, शादीखान्यात, कब्रस्तानच्या जनाजागाहमध्ये चाकाची खुर्ची जाते का?

हजरत अब्दुल्लाह इब्ने उम्मे मकतूम (रजि.) यांना दृष्टी नव्हती. सूरह अबसच्या सुरुवातीचा प्रसंग त्यांच्याशीच जोडलेला आहे, हे आपण मुलांना शिकवतो. शहरातल्या सरदारांशी बोलणे महत्त्वाचे की शिकायला आलेल्या अंध माणसाकडे लक्ष देणे महत्त्वाचे, याचे उत्तर तिथे कायमचे देऊन ठेवले आहे. पुढे तेच मदीनेत मुअज्जिन झाले, आणि प्रेषित (स.) मदीनेबाहेर असताना त्यांनी तिथे इमामतही केली. आठव्या शतकाच्या आरंभी दमास्कसचा खलिफा वलीद इब्ने अब्दुल मलिक याने अंधांसाठी वाटाड्या आणि चालता न येणाऱ्यांसाठी सेवक नेमून दिले, असे इतिहासकार लिहितात. त्याचा खर्च खजिन्यातून झाला. म्हणजे 'हा खर्च कोणाचा' या प्रश्नाचे उत्तर आपल्याकडे जुने आहे. तो सगळ्यांचा मिळून.

एवढे तरी करू या

या महिन्यात प्रत्येक वाचकाने एक काम करावे. आपल्या नेहमीच्या दवाखान्याच्या पायऱ्या मोजाव्यात, त्यांची इंचांत उंची घ्यावी आणि तेवढ्याच फुटांची मोकळी जागा आसपास आहे का ते पाहावे. मग डॉक्टरांकडे तक्रार घेऊन न जाता तो हिशेब घेऊन जावे, आणि घरमालक, शेजारचा दुकानदार, बैतुलमालची कमिटी यांना बरोबर बसवावे. सार्वजनिक जागेचा अडथळा असेल तर फोटोसह 'सुगम्य भारत' या सरकारी ॲपवर कळवता येते. दाद न मिळाल्यास पुण्यातील दिव्यांग कल्याण आयुक्तालयापर्यंत जाता येते.

घरात कोणाचा पाय, नजर, ऐकणे गेले असेल तर दिव्यांग प्रमाणपत्र आणि त्याबरोबर मिळणारे यूडीआयडी कार्ड काढून घ्या. 'लोक काय म्हणतील' म्हणून आपल्याकडे अनेक घरे ते काढत नाहीत, विशेषतः मुलींचे. नोंदच नसेल तर सोयी कोणासाठी मागायच्या?

फुफी आता चाकाच्या खुर्चीत असतात. उतार तयार झाल्यावर सुनेने त्यांना दवाखान्यात नेले. मीही बरोबर होते. वर पोहोचल्यावर डॉक्टर म्हणाले, "या, फुफी, आता मला खाली यावे लागत नाही." फुफी म्हणाल्या, "दहा महिने आधी बांधला असता तर मीच चालत आले असते, बेटा." कोणी काही बोलले नाही. मग त्यांनी कठड्यावरून हात फिरवला आणि शिवणकाम करणारी बाई टाका तपासते तसा वेल्डिंगचा सांधा बोटाने तपासून म्हणाल्या, "इथे खरबरीत राहिलं आहे. कोणाच्या हाताला लागेल. घासून घ्या."

दुसऱ्या दिवशी ते घासून घेतले. आपल्यातल्या कोणाच्याही फुफीला, दादीला, अब्बांना इलाजासाठी आपला पडदा आणि आपली इज्जत पायरीशी ठेवावी लागू नये, हीच अल्लाहकडे दुआ.